पारेजवळ कोणीतरी बसायला हवं

"ते कुलूप लावू नकोस, काहु," माझा मावसभाऊ तिपेने मला फोनवर म्हणाला होता. "बोगदा बंद पडला की त्या कुलपामुळे फोनमधून काहीच बाहेर जात नाही. निरोप नाही, फोटो नाही, काही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या फोनवर असलं काही ठेवू नये."

"बरं, बरं," मी म्हणाले, आणि कुलूप लावलं.

मी मुळात कुलपं लावणारीच बाई आहे. गॅस बंद केलाय ना, हे दोनदा बघते. आमची अनाहेरा सात महिन्यांची आहे. ती झोपली की तिच्या नाकाशी बोट धरते. तामाती, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "तिला झोपू दे गं. तुझ्या बोटानंच तिला जाग येते." तो दोन आठवडे खाणीवर आणि एक आठवडा घरी असतो, त्यामुळे बोट धरायला मी एकटीच असते.

मी ब्रिस्बेनजवळच्या लोगनला राहते. माझी आजी, हेनी नॅन, तिथून सव्वा तासावर लेडलीला एकटी राहते. आईच्या मागे तिनंच मला वाढवलं. तीस वर्षांपूर्वी न्यूझीलंडचा समुद्रकाठ सोडून ती इथल्या कोबी-कांद्याच्या शेतांवर माल भरायच्या कामाला आली, आणि काम संपल्यावरही हलली नाही. तिला मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. दंडावर बटणाएवढी एक चकती चिकटवलेली असते. ती चकती साखर मोजून नॅनच्या फोनला सांगते, आणि नॅनचा फोन इंटरनेटवरून माझ्या फोनला. दर पाच मिनिटांनी माझ्या फोनवर एक ठिपका उमटतो. आमच्याकडच्या मापात साखर चारच्या खाली गेली की धोका. गेलं दीड वर्ष मी त्या ठिपक्यांवर जगतेय. अनाहेराला पाजतानाही एक डोळा तिकडेच असतो.

ऑगस्टमध्ये, एका सोमवारी, पारे आंटी गेली. पारे ही नॅनची धाकटी बहीण. तिच्यासारख्या चटया विणणारं आमच्या किनाऱ्यावर दुसरं कोणी नव्हतं. बुधवारी तिला गावच्या मराएवर आणणार होते, म्हणजे आमच्या सगळ्या घराण्याचं जे एकत्र जमायचं घर असतं तिथे, आणि शुक्रवारी पुरणार होते. नॅनला जायचं होतं. पण तिच्या टाचेला दोन महिने जखम, आणि डॉक्टरांनी विमानाचं नावही काढू नका म्हणून सांगितलेलं.

"मग मला इथूनच बसव तिच्याजवळ," नॅन म्हणाली. "सगळे म्हणतात, टीव्हीवर दाखवणार आहेत. तू शिकलेली आहेस. बघ काय ते."

आमच्यात गेलेल्या माणसाला पुरेपर्यंत क्षणभरही एकटं ठेवत नाहीत. बायका शवपेटीच्या दोन्ही बाजूंना चटयांवर बसून असतात, तिथेच झोपतात. येणारे पुरुष उभे राहून त्या माणसाशीच बोलतात, भांडतातसुद्धा. आणि जिथे ते माणूस ठेवलेलं असतं तिथे अन्नाचा कण नेत नाहीत. जेवायचं तर उठून दुसऱ्या घरात जायचं. तोवर कोणीतरी जागा धरतं.

बुधवारी सकाळी मी अनाहेराला घेऊन लेडलीला पोहोचले तेव्हा नॅननं समोरच्या खोलीतला बिस्किटांचा डबा स्वयंपाकघरात हलवला होता. टीव्हीखाली पारेनंच विणलेली चटई अंथरली होती आणि स्वतः काळे कपडे घालून खुर्चीत बसली होती. टीव्ही अजून काळाच होता.

गावाकडचं एक छोटं केंद्र सगळं थेट दाखवत होतं, पण ते दिसायचं फक्त न्यूझीलंडच्या आत. म्हणून मी नॅनच्या फोनवर एक फुकटचं व्हीपीएन घातलं. तिपेनेनंच ते सुचवलं होतं. तिपेने म्हणजे रोइमाता मावशीचा मुलगा, ब्रिस्बेनला टीव्ही-फोनच्या दुकानात काम करतो. त्याच्या भाषेत तो एक बोगदा: फोन इथून आत शिरतो आणि ऑकलंडला बाहेर निघतो, आणि जगाला वाटतं की तो तिथलाच आहे. मी चालू केलं आणि फोनवर मराए दिसायला लागलं. पण टीव्हीवर पाठवायचं चिन्हच कुठे सापडेना. मी तिपेनेला फोन लावला.

"सापडेल कसं?" तो म्हणाला. "तुझा फोन आता ऑकलंडला आहे आणि टीव्ही लेडलीत. त्यांची ओळख कशी पटणार? 'घरातली उपकरणं दिसू देत' असं काहीतरी असेल बघ, ते चालू कर."

केलं. चिन्ह आलं. दाबलं, तर टीव्हीवर अक्षरं: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही.

"टीव्हीच्या मागे जी काडी खोचलीय ना," तिपेने म्हणाला, "ती कार्यक्रम स्वतः मागवते. फोन तिला फक्त पत्ता सांगतो. फोन न्यूझीलंडचा झाला, काडी राहिली क्वीन्सलँडची."

"काहुरांगी," नॅन खुर्चीतून म्हणाली, "तिथे पारेला आणणाऱ्यांचं स्वागत आटपलंसुद्धा असेल."

"आरसा लाव," तिपेने म्हणाला. "फोनच्या काचेवर जे दिसतं तेच जसंच्या तसं टीव्हीवर. मग सगळं फोनच मागवेल, काडी नुसती दाखवेल. फोन चार्जरला लावून ठेव आणि झोपू देऊ नकोस."

तसं केलं आणि पारे आंटी भिंतीएवढी समोर आली. पेटी उघडी होती. हनुवटीवरचं गोंदण, छातीवर पिसांची शाल. नॅननं "आलीस का गं," एवढंच म्हटलं आणि मग ती बराच वेळ रडली, आणि अनाहेरा तिच्याकडे बघत राहिली.

दहा मिनिटांनी बोगदा क्षणभर तुटला. फोननं खरा पत्ता सांगून टाकला आणि पारेच्या जागी पुन्हा ती अक्षरं आली. नॅनचा चेहरा मला बघवेना. म्हणून मी ते कुलूप शोधून काढलं. बोगदा नसेल तर फोननं काहीच बाहेर पाठवू नये, बोगदा परत जोडला जाईपर्यंत गप्प बसावं. तिपेनेनं नको म्हटलं ते तेव्हाच. मला वाटलं, दुकानातली माणसं उगाच घाबरवतात. मी स्वतः एवढी घाबरट, पण दुसऱ्यानं घाबरवलेलं मला चालत नाही.

आणखीही दोन गोष्टी मी केल्या. फोन 'शांत'वर टाकला. आणि घराण्याच्या गटावर लिहिलं: शुक्रवारपर्यंत नॅनला कोणीही फोन करू नका, फोन आला की पारे आंटीच्या चेहऱ्यावर येतो. गटात त्रेचाळीस माणसं आहेत. आमच्या घराण्यात इतक्या एकमतानं पाळलेली ही पहिलीच सूचना असेल.

दुपारी नॅननं मला घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी अनाहेराची लस होती. "जा. मी एकटी नाही," टीव्हीतल्या बायकांकडे हात करून ती म्हणाली. "बघ किती जणी आहोत."

रात्रभर ठिपके येत राहिले. सात, साडेसहा, सहा. गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी अनाहेराला पाजता पाजता पाहिलं: शेवटचा ठिपका सहा चाळीसचा. ५.६. त्यापुढे काही नाही.

नॅन घड्याळासारखी आहे. साडेसहाच्या बातम्यांना इंजेक्शन घेते, पावणेसातला न्याहारी करते. म्हणजे इंजेक्शन घेतलं होतं, हे नक्की. खाल्लं का, ते कळायला मार्ग नव्हता. इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिलं तर काय होतं ते मी एकदा पाहिलंय, शाळेत असताना, न्हाणीघराच्या दारात पडलेली नॅन.

मी निरोप पाठवला. पोहोचल्याची खूण आली नाही. साडेसातला मराएवर रोइमाता मावशीला फोन लावला. तिकडे साडेनऊ वाजले होते आणि ती स्वयंपाकघरात होती. मागे पातेल्यांचा आणि हसण्याचा आवाज.

"मावशी, नॅनचा फोन बंद दिसतोय."

"मग बरोबर आहे. सख्खी बहीण गेलीय तिची. शोकातलं माणूस फोनवर बोलतं का?"

"बोलायचं नाही गं. साखर दिसत नाहीये."

"तूच काल लिहिलंस ना, फोन करू नका म्हणून? इथे पोरं नुसती 'काहुनं सांगितलंय, काहुनं सांगितलंय' करतायत." कुणाला तरी तिनं बटाट्यांबद्दल ओरडून सांगितलं. "अगं, ती तिच्या बहिणीजवळ बसलीय. बसू दे. तू लहानपणापासून अशीच. कोंबडी अंड्यावर बसली तरी तुला वाटायचं, तिला उठता येत नाही."

मी हसले. हसत हसत फोन ठेवला आणि माझीच सूचना मोडून नॅनला फोन लावला. चार वेळा. वाजून वाजून बंद झाला. 'शांत'वर कुणी टाकला होता? मी.

तामाती खाणीत, जमिनीखाली होता. रुग्णवाहिकेचे तीन शून्य दाबले आणि अंगठा तसाच राहिला. ती चकती मागच्या महिन्यात पाच वेळा गप्प झाली होती. त्यातल्या एकदा मी रुग्णवाहिका बोलावली, तेव्हा नॅन कोबीला पाणी घालत होती. आलेल्या दोघांना तिनं चहा पाजला आणि मला महिनाभर ऐकवलं. शेजारच्या डोरीन क्राउझला सांगावं, तर तिचा नंबर नव्हता. आठ वर्षं मी त्या बाईला कुंपणावरून हात करतेय, आणि नंबर नाही. नॅन आणि तिचं फारसं पटतही नाही. डोरीनचा कोंबडा पहाटे चारला आरवतो, आणि नॅन त्याला डोरीनच्या नवऱ्याच्या नावानं हाक मारते.

आठ वाजता मी अनाहेराला गाडीत बांधलं. लस राहिली.

त्या सव्वा तासात मी काय काय केलं ते सांगण्यासारखं नाही. प्रत्येक लाल दिव्याला फोनकडे बघितलं. इप्सविचच्या पुढे अनाहेरा रडायला लागली आणि मला बरं वाटलं, कारण रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. कोबीच्या शेतांवर पाण्याचे फवारे फिरत होते. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. साडेसहाला इंजेक्शन. सातला खाली यायला लागली असेल. साडेसातला चारच्या खाली. आठला हात थरथरतात, घाम येतो. साडेआठला माणूस असंबद्ध बोलायला लागतं. नऊ.

नऊनंतरचं मी मांडलं नाही.

सव्वानऊला पोहोचले. नॅनचं दार कधीच बंद नसतं. जाळीच्या दारातून समोरची खोली दिसली. टीव्हीचा उजेड, खुर्ची, खुर्चीत काळ्या रुमालानं झाकलेलं डोकं छातीवर कललेलं. हात मांडीवर, तळवे वर.

अनाहेरा माझ्या कडेवर होती. मी आत गेले, गुडघ्यांवर बसले आणि तो हात धरला. हात गरम होता. त्यावर तपकिरी डाग आणि कोंबड्यांच्या दाण्याचा भुसा.

"चपला काढ," तो हात म्हणाला. म्हणजे डोरीन क्राउझ म्हणाली, डोळे न उघडता. "तुझी आजी ओरडते. आणि ती जाळी लाव, माझ्या कोंबड्या मागोमाग येतात."

"नॅन कुठाय?"

"आत. खातेय. हळू बोल, इथे," तिनं डोळे उघडून टीव्हीकडे हनुवटी केली, "ह्या बाई आहेत."

टीव्हीवर पारे आंटी होती, आणि तिच्या पायाशी उभा असलेला एक म्हातारा, एक हात हवेत, तोंड उघडं. दोघंही हलत नव्हते. मधोमध एक गोल फिरत होता.

मी स्वयंपाकघरात धावले. नॅन टेबलाशी बसली होती. समोर संत्र्याचा रस, भाजलेला पाव, त्यावर इतका जाड मुरांबा की कालपर्यंत मी तिच्या हातून काढून घेतला असता. ती मला बघून चावायची थांबली.

"लस झाली?"

"नॅन..."

"झाली का लस?"

"नाही झाली." आणि मग मी रडले. पहिल्यांदा नीट, आवाज करून. अनाहेराही घाबरून सामील झाली. नॅननं तिला माझ्याकडून घेतलं आणि पावाचा मऊ तुकडा तिच्या हातात दिला. एरवी मी घुसमटेल म्हणून काढून घेते. मी काढला नाही.

नॅनचे केस घामानं चिकटले होते, पण बोलणं स्वच्छ होतं. मी तिच्या बोटाला टोचून साखर पाहिली. ६.९. परत पाहिली. ७.

"बोटं संपव माझी," नॅन म्हणाली.

झालं होतं असं. साडेसहाला तिनं इंजेक्शन घेतलं. आत न्याहारीला जायला उठली, तोच टीव्ही थांबला. तिकडे पावणेनऊची वेळ. बाजूच्या बायका खायला गेलेल्या, आणि पारेजवळ फक्त तो म्हातारा बोलत उभा.

"त्याचं बोलणं संपत आलं होतं," नॅन म्हणाली. "तो निघाला असता. मग पारेजवळ कोण?"

"नॅन, ते चित्र अडकलं होतं. तिथे खरं तर..."

"मला कळतं चित्र म्हणजे काय ते. मी काय वेडी आहे?" तिनं पेला खाली ठेवला. "तिथे तीस जणी येतील, ठाऊक आहे. पण इथे तिचा चेहरा माझ्यासमोर होता आणि मी एकटी होते. तिचा चेहरा समोर असताना पाठ फिरवून खायला कशी जाऊ? तूच सांग."

मी तिच्या पेल्यात आणखी रस ओतला.

ती बसून राहिली. साडेसातला फोन ओरडायला लागला. चकती आणि फोन यांना एकमेकांशी बोलायला इंटरनेट लागत नाही, आणि साखर उतरल्याचा तो भोंगा 'शांत'लाही जुमानत नाही; तेवढं मी ठेवलं होतं. पारेसमोर असला गोंगाट नको म्हणून नॅननं फोन उशीखाली दाबला. उशीखालून तो आणखी भेसूर ओरडायला लागला. कुंपणापलीकडे डोरीन कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"मला वाटलं घराला आग लागली," डोरीन समोरच्या खोलीतून म्हणाली. खोल्यांमधली भिंत पातळ आहे आणि डोरीनचे कान पातळ भिंतीसाठीच केलेले आहेत. "पाण्याची बादली घेऊन आले. बघते तर ही इथे राखेसारखी बसलेली. म्हटलं, हेनी, तोंडात काहीतरी घाल. म्हणे, इथे नाही. म्हटलं, मग आत चल. म्हणे, पारेला एकटी टाकून? म्हटलं, कोण पारे? तर टीव्हीकडे बोट."

"मग?"

"मग काय. माझा आर्थर गेला, तेव्हा मी त्याला हॉस्पिटलात एकटं ठेवून घरी आले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, आता तुमचं काही काम नाही, घरी जा. मी गेले. म्हणून हिला म्हटलं, सरक. मी बसते."

नॅननं स्वतःच्या डोक्यावरचा काळा रुमाल काढून तिला बांधला होता, नियम म्हणजे नियम. आणि भिंतीला धरत धरत आत गेली होती. आधी रस, मग साखरेचे चार चमचे, मग पाव. थोडं बरं वाटल्यावर परत जाऊन बसली, आणि डोरीननं तिला अर्ध्या तासानं पुन्हा आत पाठवलं. मी आले ती तिची तिसरी पाळी.

"तू मला फोन का नाही केलास?" मी नॅनला विचारलं. "डोरीनच्या फोनवरून?"

"तुझी सूचना होती ना, फोन नको म्हणून?" नॅन म्हणाली. "आणि तुझ्या पोरीची लस."

मी फोन हातात घेतला. व्हीपीएननं एका ओळीत लिहून ठेवलं होतं: या महिन्याचे फुकटचे दहा जीबी संपले. अख्खा एक दिवस, रात्रीसुद्धा, सगळं चित्र फोनमधूनच जात होतं, आणि मी एकदाही विचार केला नव्हता की ते भरणार कधी. ते संपलं, बोगदा बंद झाला, आणि माझ्या कुलपानं चोख काम केलं. तिपेने बरोबर होता. मी ते त्याला त्याच दिवशी सांगितलंही, तो म्हणाला, "लिहून पाठव, दुकानात लावतो."

मी कुलूप काढलं. नॅनच्या फोनवर एकदम एकसष्ट निरोप आले. आणि माझ्या फोनवर, सहा चाळीसच्या पुढे, चुकलेले ठिपके एकामागून एक भरत गेले. फोननं ते तीसेक ठिपके जपून ठेवले होते, अगदी हळू उतरणारे. ५.६. ४.९. ४.२. ३.६. ३.३. तिथे मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं; ती माझ्यासमोर पाव चावत बसली होती. मग ३.४. ३.९. ५. ६.२. एक वाट खोल ओढ्यात उतरावी आणि पलीकडच्या काठानं वर यावी, तशी. मी ती वाट किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. अनाहेरानं पावाचा लगदा माझ्या केसांत लावला तेव्हा भानावर आले.

"हेनीबाई," डोरीनची हाक आली, "हे गृहस्थ सकाळपासून काहीतरी बोलणार बोलणार म्हणतायत. त्यांचं काही होईल का?"

आता मी सगळं माझ्या फोनवरून केलं. नवीन बोगदा, घरातली उपकरणं दिसू देत, आरसा. कुलूप नाही. नॅनचा फोन तिच्या खिशात, मोकळा, आवाज चालू. क्षणभर टीव्ही काळा झाला, आणि नॅन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, चौकटीला धरून.

मग चित्र आलं, आणि हलत आलं. म्हातारा कधीच गेला होता. पारेच्या दोन्ही बाजूंना बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, दोन पोरं चटईवर आडवी झाली होती, आणि रोइमाता मावशी हात पुसत येऊन पेटीशी टेकत होती. तिनं पारेची शाल सरळ केली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळ्या हसल्या, त्या पेटीशेजारीच, जसं आमच्यात हसतात.

"आल्या," नॅन म्हणाली. तिचे खांदे खाली आले. मला वाटतं, ते सकाळपासून वरच होते. "सगळ्या आल्या गं परत."

डोरीन उठायला लागली. "म्हणजे माझी सुटी झाली."

"बस," नॅन म्हणाली. "कोंबड्या काही पळून जात नाहीत."

"तुझ्या कोबीत जातात. म्हणूनच म्हणतेय."

"जाऊ देत आज."

ती बसली. रात्री मी तिथेच राहिले, अनाहेरासकट, आणि शुक्रवारी सकाळी आम्ही तिघी आणि बाळ असं पारेला पोचवलं. पेटी बंद करताना नॅन जे रडली ते नीट, मोठ्यानं, जसं रडायला हवं तसं. डोरीन उभी राहिली होती, रुमाल बांधून, हात पाठीमागे. पेटी मातीत गेल्यावर नॅननं खोलीत पाणी शिंपडलं, टीव्ही बंद केला, आणि बिस्किटांचा डबा आणून मधोमध ठेवला. डोरीन बारा अंडी घेऊन आली होती, ती मी उकडली. नॅननं आधी इंजेक्शन घेतलं, आणि मग आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो, तिनं पहिला घास खाईपर्यंत. "माझ्याकडे असं बघू नका," ती म्हणाली, "मी काय टीव्ही आहे?" आणि खाल्लं.

निघताना मी डोरीनचा नंबर घेतला. तिनं अंड्यांच्या खोक्याच्या झाकणावर लिहून दिला, मोठ्या अक्षरांत, नावासकट, जणू मी तिला पहिल्यांदाच भेटत होते. अनाहेराची लस सोमवारी झाली.

हे मी लिहून ठेवतेय, कारण त्या दोन दिवसांत नॅनची काळजी करणारी त्रेचाळीस माणसं होती, आणि सगळी तिला त्रास होऊ नये म्हणून गप्प होती. तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी असेल. दुःखात आहेत, एकटं राहायचंय त्यांना, फोन करू नका, असं ज्यांच्याबद्दल सगळ्यांनी ठरवून टाकलंय. हे वाचून झालं की त्यांच्याकडे जाऊन या. दूर असाल तर त्यांच्या शेजाऱ्याला फोन करा. आणि नुसतं कसे आहात असं विचारू नका. सकाळपासून काय खाल्लं, ते विचारा.